प्रमाण कांडी

महाराष्ट्रातल्या लग्नाळू मुलांना शंभरापैकी किती, हे ज्या माणसावरून ठरत होतं तो माणूस जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट पद्मजा चौगुलेशिवाय कोणालाही ठाऊक नव्हती. निदान तिची तशी समजूत होती.

जयसिंगपूरला नात्यातल्या एका साखरपुड्याला ती गेली होती. पंगतीत शेजारची बाई पलीकडचीला सांगत होती, "मुलगा दिसायला साधाच आहे, पण चाहूल ब्याण्णव आहे हो. आम्ही कागद बघितला आणि होकार कळवून टाकला."

"ब्याण्णव? आमच्या जावयाची चौसष्ट होती."

"चौसष्ट म्हणजे काही वाईट नाही."

"वाईट कशाला असेल? दोन मुलं झाली की."

पद्मजा वाटीतली बासुंदी नुसतीच ढवळत राहिली. उंची, शिक्षण, पगार, शेती आणि त्याखाली चाहूल, असं आता स्थळांच्या पत्रकांवर छापून येऊ लागलं होतं. यंत्र तयार करताना असलं काही होईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. शंभर म्हणजे कोण, हे या बायकांना सांगितलं तर यांचा घास तोंडातच राहील, असं वाटून तिला हसू आलं. शंभर म्हणजे सन्मती. दोन मजले चढला की धापा टाकणारा, ओला टॉवेल न चुकता पलंगावर टाकणारा तिचा नवरा. त्याला हे ऐकायला मिळायला हवं होतं. तो पंगतीत उभा राहून हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत सुटला असता. हसू ओसरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की समोरचं ताट धूसर दिसतंय. ती हात धुवायला उठली.

चाहूल हे यंत्राचं नाव सन्मतीनंच ठेवलेलं. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत दोघांचा छोटासा कारखाना होता. रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या तिथं बनत. त्या काळात पुरुषांमधलं शुक्रपेशींचं प्रमाण वर्षागणिक घसरत चाललं होतं आणि तपासण्या मात्र बायकांच्याच होत होत्या. पुरुषाची तपासणी करायची तर चांगला सूक्ष्मदर्शक हवा, त्यातून बघून मोजणारा शिकलेला माणूस हवा आणि नमुना तासाभरात त्याच्यापुढे पोचायला हवा. खेड्यापाड्यात या तिन्ही गोष्टी एका वेळी जमायची मारामार. मग सोपा मार्ग म्हणून सुनेला माहेरी धाडायचं.

"बघायचं कशाला? ऐकू या," सन्मती एकदा म्हणाला.

कल्पना तशी साधी होती. शुक्रपेशी शेपटी हलवत पोहते, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. प्लॅस्टिकच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये केसाहून बारीक फट ठेवायची आणि तिच्यातून उजेडाची तिरीप सोडायची. पेशी तिरिपेतून गेली की उजेड किंचित लुकलुकतो. टीव्हीत रिमोटचा इशारा ओळखणारा असतो, तसल्या स्वस्त प्रकाशग्राहीला ती लुकलुक टिपता येते. इतके संथ ठोके माणसाच्या कानाला सूर म्हणून कळत नाहीत, म्हणून ते चार सप्तकं वर चढवायचे. फटीच्या एका टोकाला टीपकागदाचा तुकडा. तो पाणी शोषत राहतो, त्यामुळे फटीत हलका प्रवाह तयार होतो. शुक्रपेशींची गंमत अशी की धडधाकट असतील तर त्या प्रवाहाच्या उलट पोहतात. थकलेल्या आणि मेलेल्या कागदाकडे वाहत जातात, जित्या उलट्या बाजूच्या एका खळीत येऊन जमतात. पंप नको, सूक्ष्मदर्शक नको. यंत्र आकडा दाखवायचं, आणि दोन दिवस शिकवलेली गावातली आरोग्यसेविकासुद्धा नुसत्या आवाजावरून बरं-वाईट ओळखायची.

पहिल्या यंत्राचा आवाज घुमवायला सन्मतीनं सतारमेकर गल्लीतून तडा गेलेल्या तंबोऱ्याचा भोपळा आणला होता. त्यातून पहिला आवाज आला तेव्हा दोघं फरशीवर बसले होते. हजारो सूर एकमेकांत मिसळून झालेली एक भरीव गुणगुण. मधूनच एखादा सूर वर निघायचा, जरा वेळ एकटा फिरायचा आणि परत आत जायचा.

"कोणाचा नमुना आहे?" पद्मजानं विचारलं होतं.

"माझाच. शेजाऱ्याकडे मागायला ती काय चहापत्ती आहे?"

पुढे अडचण आली ती मापाची. पट्ट्यांचा प्रत्येक लॉट आधीच्यापेक्षा अगदी थोडा वेगळा निघायचा. फट जरा रुंद झाली की आकडा बदलायचा. म्हणून प्रत्येक नव्या लॉटवर एकाच माणसाचा, एकाच दिवशीचा नमुना चालवून बघायचा आणि येईल त्या आकड्याला शंभर म्हणायचं, असं ठरलं. सन्मतीनं एक नमुना दिला. तो नऊ बारीक नळ्यांमध्ये भरून उणे एकशे शहाण्णव अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला. जनावरांच्या दवाखान्यात असल्या नळ्यांना कांड्या म्हणतात, तेच नाव इथंही पडलं. प्रमाण नमुना म-१, कांड्या नऊ.

नमुना देणाऱ्याच्या संमतीचा फॉर्म पद्मजानं केला होता. त्यात दोन चौकटी होत्या. सन्मती एका हातानं भडंग खात होता, दुसऱ्या हातात पेन. "कुठं करू खूण?" त्यानं विचारलं. "खालच्या," ती म्हणाली. खालच्या चौकटीपुढे लिहिलं होतं: केवळ मापनासाठी, अपत्यप्राप्तीसाठी वापरू नये. त्यानं न वाचता खूण केली.

मुलाचं तेव्हा त्यांच्या डोक्यात नव्हतं असं नाही. यंत्राला मान्यता मिळाली की, असं ठरलं होतं. मग कंत्राट मिळालं की, असं ठरलं. ती छत्तीस, तो एकोणचाळीस. घाई कोणालाच नव्हती. मग एका सप्टेंबरात त्याला डेंग्यू झाला आणि सहा दिवसांत तो गेला. तोवर दोन कांड्या वापरून झाल्या होत्या.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी तिसरा लॉट आला. कांडी कोमट पाण्यात वितळवून पद्मजानं नमुना फटीत सोडला, जुन्या भोपळ्याच्या यंत्राची कळ फिरवली आणि खोलीत सन्मती सुरू झाला. तिला दुसरा शब्द सुचला नाही. बाराव्या मिनिटाला आकडा आला. काम झालं होतं. ती उठली नाही. चाळीस मिनिटांनी गुणगुण मंद व्हायला लागली तेव्हा तिनं कळ बंद केली आणि नियमाप्रमाणे नमुना नष्ट करून रजिस्टरमध्ये सही केली.

ध्वनिमुद्रण होतंच. पहिल्याच लॉटचं, स्वच्छ. तिनं ते शंभरदा ऐकलं असेल. पण मुद्रणात कुठला सूर कधी वर निघणार हे तिला पाठ झालं होतं. कांडीतल्या आवाजाचं तसं नव्हतं. तो दर वेळी काहीतरी नवं करायचा, आणि नवं काही करतं ते जिवंतच असतं.

खरं तर सात कांड्या असतानाच दुसरा प्रमाण नमुना तयार करून त्याची जुन्याशी जुळणी करून ठेवायला हवी होती. एक कांडी खर्चून सहा वाचल्या असत्या. शिकाऊ तंत्रज्ञालाही हे कळतं. पण नवा नमुना आला की म-१ बाद होणार, कांड्या काढायचं कारण संपणार. रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात ती दर वेळी लिहायची, 'नव्या प्रमाण नमुन्याची जुळणी पुढच्या लॉटवेळी.' असं तिनं सहा वेळा लिहिलं. साखरपुड्याहून ती परत आली तेव्हा टेबलावर तपासणी मंडळाचं पत्र येऊन पडलं होतं. म-१ची एकच कांडी शिल्लक असल्याचे दिसते. महिनाअखेर नव्या नमुन्याशी जुळणी न झाल्यास अकराशे केंद्रांतील यंत्रांची मान्यता स्थगित करण्यात येईल.

पत्र वाचून तिच्या मनात पहिला विचार आला तो केंद्रांचा नव्हता.

कोल्हापूरच्या डॉ. यास्मिन पटवेगार वंध्यत्वाच्या तज्ज्ञ. चाहूल पहिल्यांदा त्यांच्याच दवाखान्यात वापरली गेली होती, त्यामुळे ओळख जुनी. पद्मजानं सगळं सांगितलं आणि विचारलं, "एका कांडीत होईल?"

"कांडीचं काही नाही. आम्हाला एका बीजाला एक पेशी पुरते, आणि अर्ध्या कांडीत हजारो निघतील. प्रश्न तुमच्या बाजूचा आहे. बेचाळीस ना? दहातली एक संधी म्हणा. तीही सढळ हातानं सांगतेय." डॉक्टरांनी चष्मा चढवला. "संमतीचा फॉर्म?"

पद्मजानं फोनवर फोटो दाखवला. डॉक्टर खालच्या चौकटीशी थांबल्या.

"ही त्यांची इच्छा होती?"

"खूण त्यांची आहे. बोट मी दाखवलं होतं."

"या कागदावर मी कांडीला हात लावू शकत नाही, पद्मजाताई. जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो. माणसाला खरं काय हवं होतं हे त्याच्या जवळच्यांनी लिहून द्यायचं. आई-वडील?"

"सासूबाई आहेत."

"त्यांना हे माहीत आहे?"

पद्मजानं नकारार्थी मान हलवली. समितीचा निकाल यायला सहा महिने तरी लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. महिनाअखेरीला एकोणीस दिवस राहिले होते.

परतीच्या वाटेवर तिला सगळ्यात सोपा मार्ग सुचला. कांड्यांची रखवालदार तीच होती. काढताना कांडी तडकली असं लिहायचं आणि ती डब्याच्या तळाशी दुसऱ्या नावानं ठेवून द्यायची. यंत्रं बंद पडतील, चौकशी होईल, कारखाना जाईल. जाऊ दे. फक्त रजिस्टरवर दुसरी सही बाळगोंडाची लागत होती.

बाळगोंडा पाटील साठीला आलेला. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. फट कापायचे साचे त्याच्या हातचे, सबंध कारखान्यात दुसऱ्या कोणाला ते जमत नसे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पद्मजा त्याच्या बाकाशी जाऊन उभी राहिली.

"बाळगोंडा, कांडी काढताना तडकली, असं लिहिलं तर?"

त्यानं भिंग डोळ्यावरून काढलं, पुसलं, परत ठेवलं. "ल्हिवा की. सही म्या करतो."

तिला इतक्या लवकर होकाराची अपेक्षा नव्हती. ती तिथंच रेंगाळली.

"मग यंत्रं बंद व्हतील न्हवं?" तो साच्याकडे बघत म्हणाला.

"हो. सगळीच."

"आमच्या सुजाताला दोन वरसं म्हायेरी ठिवली हुती. तुमास्नी ठावं हाय." तिला ठाऊक होतं. शिरोळच्या केंद्रात जावयाची चाहूल अकरा निघाली, त्याच्यावर उपचार झाले, सुजाता सासरी गेली. बाळगोंडानं नातीच्या बारशाचे पेढे याच बाकावर वाटले होते. "त्येबद्दल मी कायबी म्हनत न्हाई. तुमचा नवरा, तुमी ठरिवनार."

पद्मजा दचकली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पयली कांडी चालिवली तवाच. साहेबच म्हनले, बाळगोंडा, आवाज बरा हाय का माझा? आता ह्येच्याम्होरं काय कळायचं ऱ्हायलं?" तो जरा हसला. "बारा मिन्टांत आकडा येतोय, आन् तुमी चाळीस मिन्टं बसताय. कधी इचारलं का मी?"

बाकावरचा साचा तिनं उगाच उचलला आणि ठेवला. पाच वर्षं दारापलीकडे हा माणूस हातोडी न वाजवता बसून राहायचा, ते तिला आत्ता उमगलं.

"एक सांगू?" बाळगोंडा म्हणाला. "बाराव्या मिन्टाला थांबिवलं तर खळीत जित्या असत्यात. चांगल्या पवनाऱ्या. त्या काढून परत गोठवायच्या. निम्म्या मरतील. पर निम्म्या ऱ्हातील की. चाळीस मिन्टं पळिवल्या तर मातूर काय ऱ्हात न्हाई, सगळी ताकद पवन्यातच जातीया."

हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच. दर वेळी बाराव्या मिनिटाला थांबली असती, तर एव्हाना डब्यात सन्मतीच्या सहा नव्या कांड्या असत्या. हा हिशेब ती पाच वर्षं स्वतःपासून लपवत आली होती, आणि आता बाळगोंडानं तो जेवणाच्या डब्याशेजारी उघडा करून ठेवला.

"आणि समितीनं नाही म्हटलं तर?"

"तर न्हाई. पर इचारायला कायतरी शिल्लक पायजे का नको?"

त्या संध्याकाळी ती लवकर घरी गेली. सासूबाई, रत्नप्रभाबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. पद्मजा त्यांना आई म्हणायची. जेवणं आटोपून ताटं उचलेपर्यंत पद्मजानं धीर धरला, मग स्वयंपाकघरातच खाली बसून सगळं सांगितलं. नऊ कांड्यांपासून पत्रापर्यंत.

आईंनी शिक्षिकेसारखं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो गेला तेव्हा किती होत्या?"

"सात."

"आणि आता एक."

"हो."

"सात होत्या तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली. वाटलं, तुम्ही नातवंड मागाल. माझी तयारी नव्हती. मग वर्ष गेलं, मग सांगायची लाज वाटायला लागली."

आईंनी पदराच्या टोकानं ओट्यावरचा न पडलेला डाग पुसला. "नातवंड कशाला मागितलं असतं गं? मी एकदा ऐकव म्हणाले असते." त्यांचा आवाज चढला नाही, पण शब्द सुटे सुटे झाले. "तू पाच वर्षं त्याला ऐकत होतीस. एकटी. आणि मी इथं त्याच्या शर्टांना इस्त्री करून ठेवत होते."

पद्मजा रडली. आईंनी तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग त्यांनीच विचारलं, "समितीला काय लिहून द्यायचं?"

"त्याला मूल हवं होतं का, ते. खरं असेल तेच."

"मला तो कधी म्हणाला नाही तसं. मी विषय काढला की म्हणायचा, पद्मजाला विचार."

"मला म्हणायचा, तू म्हणशील तेव्हा."

"मग हेच लिहिते," आई म्हणाल्या, आणि कपाटातून कागद काढायला उठल्या. पत्र त्यांनी मराठीच्या पेपरातल्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं. खाली नाव, सही, तारीख. पद्मजानं आपलं पत्र वेगळं लिहिलं. म-१ म्हणजे माझे पती, फॉर्ममधली चौकट मी दाखवली, जुळणी सहा वेळा मी पुढे ढकलली. तिसरं पत्र मंडळाला गेलं आणि त्याच्या उत्तरात चार दिवसांत आदेश आला. कांड्यांची जबाबदारी तिच्याकडून काढून बाळगोंडा पाटील यांच्याकडे देण्यात येत आहे. जुळणी ठरल्या तारखेस करावी. उरलेल्या पेशींचा साठा समितीच्या निकालापर्यंत सीलबंद ठेवावा.

जुळणीच्या दिवशी सकाळी आई तिच्याबरोबर कारखान्यात आल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा. नवा प्रमाण नमुना होता न-१. देणारा लातूरकडचा कोणी तरुण, नाव ठाऊक नाही, संमती पूर्ण, कांड्या दोनशे. बाळगोंडानं आधी तो मागच्याच, म-१वर शंभर लावलेल्या लॉटच्या पट्टीवर चालवला. आवाज तरणाबांड होता, खोली भरून टाकणारा. आकडा आला एकशे अठरा. इथून पुढे न-१ला एकशे अठरा धरलं की शंभर कायम राहणार होतं, पंगतीतल्या बायकांचं गणित बिघडणार नव्हतं.

मग बाळगोंडानं नायट्रोजनच्या डब्यातून शेवटची कांडी काढली. तिच्याबरोबर पांढरी वाफ वर आली. ती त्यानं कोमट पाण्यात धरली आणि घड्याळ न बघता सेकंद मोजले. पद्मजाकडे बघून त्यानं मान हलवली. कागदोपत्री काम त्याचं होतं, तरी कांडीचं टोक कापून थेंब फटीत सोडायला त्यानं तिलाच पुढे केलं. स्वतः तो बर्फाचं भांडं, गोठवणीचं औषध आणि एक रिकामी कांडी मांडून ठेवायला लागला.

"आई, इथं बसा," पद्मजा म्हणाली. "हात भोपळ्यावर ठेवा. हातालाही कळतं."

तिनं कळ फिरवली.

सुरुवातीला नुसती खरखर. मग एक सूर, मग आणखी, आणि मग ती भरीव गुणगुण तिच्या ओळखीच्या उंचीला येऊन स्थिरावली. न-१सारखी जोरकस नव्हती. मध्येच धाप लागल्यासारखी जरा खाली यायची आणि पुन्हा सावरायची. आईंनी डोळे मिटले. त्यांची बोटं भोपळ्याच्या पाठीवर पसरली होती, ताप बघताना कपाळावर ठेवतात तशी. त्यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होत्या ते ऐकू येत नव्हतं, आणि पद्मजानं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. आजवर या आवाजात बसून तिनं कधी घड्याळ बघितलं नव्हतं. सहाव्या मिनिटाला एक सूर वर निघाला आणि इतका वेळ वर राहिला की बाळगोंडाही काम थांबवून बघत राहिला. आई हसल्या. डोळे मिटलेलेच, पण त्या खरोखर हसल्या, पाच वर्षांत पद्मजानं पाहिल्या नव्हत्या तशा.

तिला वाटलं, समिती नाही म्हणेल. म्हटलं हो, तरी दहातली एक संधी. नऊ वेळा काहीही होणार नाही, आणि तेव्हा हाही आवाज नसेल. एवढं सगळं बर्फात घालण्यापेक्षा इथंच, या दोघींच्या मध्ये, तो पूर्ण वाजू द्यावा. बाराव्या मिनिटानंतरही अठ्ठावीस मिनिटं आहेत त्याच्याकडे. हा विचार इतका मऊ होता की ती त्यात टेकणार होती.

बारा मिनिटं झाली. पडद्यावर शंभर उमटलं.

"आकडा आला," बाळगोंडा हळू म्हणाला.

आईंनी डोळे उघडले. त्यांना कळलं होतं. त्यांनी पद्मजाच्या मनगटावर हात ठेवला, दुसरा भोपळ्यावर तसाच. "अजून एक मिनिट," त्या म्हणाल्या. "एकच, पद्मजा."

या आवाजापुढे पद्मजानं स्वतःला कधी नाही म्हटलं नव्हतं, एकदाही नाही. तिचा हात कळीवर होता.

"नको, आई," ती म्हणाली. "ते मिनिट पुढे लागणार आहे."

तिनं कळ फिरवली. गुणगुण थांबली आणि बाहेरच्या लेथ यंत्राचा आवाज एकदम खोलीत आला. आईंनी भोपळ्यावरचा हात काढला नाही. बाळगोंडानं बर्फाचं भांडं पुढे सरकवलं, आणि पद्मजा खळीतल्या थेंबावर वाकून नवी कांडी भरायला लागली.